थर्मलचे धुरांडे कोणाचे?

डहाणू, रविवार रात्र

बोरिवलीहून सुट्टीला आलेल्या भाचीने आज दुपारी गच्चीवरून थर्मलकडे, म्हणजे इथल्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राकडे, बोट दाखवून विचारले, "मामा, एवढ्याशा गावाला एवढे मोठे धुरांडे कशाला लागते?" गावाला ते लागत नाही, तुमच्या घरातला एसी चालावा म्हणून ते इथे उभे आहे, असे मी म्हणालो खरा, पण उत्तर जरा तिरकस झाले, म्हणून ते नीट लिहून ठेवतो.

शहराबाहेरून वीज आणणे मुंबईला नवीन नव्हते. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, तेव्हापासून सह्याद्रीचे पाणी तिथले दिवे लावत आले आहे. उपनगरांत वीज पोहोचवणारी बीएसईएस कंपनी १९२९ सालची. तिने कित्येक दशके दुसऱ्यांकडून वीज घेऊन ती वाटली आणि स्वतःच्या निर्मितीसाठी अखेर डहाणूची खाडी निवडली. थंड करायला समुद्राचे पाणी, कोळसा आणायला पश्चिम रेल्वे आणि मुंबई तशी जवळ, हा हिशेब कागदावर बिनचूक होता. त्यात चिकूच्या वाड्या आणि खाडीतली मासेमारी कुठे बसत नव्हती, एवढेच.

त्यावरून इथली माणसे न्यायालयात गेली. १९९१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला दिलेली मंजुरी कायम ठेवली, परंतु धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याची अटही कायम राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि उद्योगांसाठी तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर जागेची मर्यादा घातली. म्हणजे तालुका जपायचा हेही ठरले आणि त्यात कोळसा जाळायचा हेही! प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच १९९५-९६ मध्ये सुरू झाले आणि २७५ मीटर उंचीचे धुरांडे दूरवरून दिसू लागले.

गंधकाची यंत्रणा मात्र आली नाही. आपल्या कोळशात राख भरपूर असली तरी गंधक थोडे असते, तेव्हा एवढ्या खर्चाची गरज काय, असा युक्तिवाद चालत राहिला. १९९६ अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी हा विषय सोडला नाही. कंपनीकडून ३०० कोटींची बँक हमी मागण्यापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा कुठे २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. तिचे काम तसे साधे आहे: धूर समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्यातून जातो, पाण्यातला नैसर्गिक क्षार सल्फर डायऑक्साइड शोषून घेतो, आणि हवा मिसळून ते पाणी पुन्हा समुद्रात सोडले जाते. एवढ्या गोष्टीला न्यायालयाच्या निकालापासून सोळा वर्षे लागली.

वाडीतले जुने लोक चिकूची कळी गळाली की थर्मलकडे पाहत. मला ते सगळे पटत नाही. बी पोखरणाऱ्या अळीने आणि लांबलेल्या पावसानेही बागायतदारांना पुष्कळ रडवले आहे. माझा राग वेगळा आहे. यंत्रणा बसली त्याच सुमारास राज्यभर भारनियमन होते आणि मुंबई त्यातून वगळलेली होती. आमच्या घरी पंखा बंद पडायचा, आई ओटीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसायची, आणि २२० केव्हीच्या उच्चदाबाच्या तारांतून डहाणूची वीज वर्सोवा-घोडबंदरकडे जात असायची. छत्तीसगडचा कोळसा, आमची हवा, मुंबईचा उजेड. तालुक्यातल्या पुष्कळ घरांची चूल थर्मलच्या पगारावर पेटली, हेही खरेच, आणि त्यामुळेच गावात या विषयावर कोणी सरळ बोलत नाही.

बीएसईएसनंतर रिलायन्स आली, २०१८ मध्ये अदानी आले. गावाने 'थर्मल' हेच नाव ठेवले. भाचीने शेवटी विचारले, हे बंद कधी होणार? संच तिशीचे झाले आहेत, कधीतरी होतीलच. त्या दिवशी कोळशाची राख साठवलेल्या तळ्यांची जागा कोणी, किती मुदतीत आणि कोणाच्या खर्चाने पूर्ववत करायची, ही अट प्राधिकरणाने आताच लिहून घ्यावी आणि तिच्यासाठीही बँक हमी आधीच घ्यावी.