टाचंकडं बघ

फेब्रुवारीत नोकरी गेली आणि मार्चपासून रात्री तीनला जाग यायला लागली. छातीत धडधड, तळहात ओले. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक आहेत. गोळ्या सुरू झाल्या. मित्राच्या ओळखीनं पंढरीच्या वारीतल्या एका दिंडीत भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाचे पैसे, भरली, तेव्हा घरच्यांना वाटलं, याचं मन रमेल. मला वाटत होतं, फार तर सासवडपर्यंत जाईन. (गोळ्या पिशवीत होत्या आणि रोज घेतल्या. वारीनं गोळ्या सुटल्या, असली ही गोष्ट नाही.)

पुणे ते सासवड म्हणजे तीसएक किलोमीटर, त्यात एकादशीचा उपास आणि वर दिवेघाट. माउलींच्या रथाला तिथं जादा बैलजोड्या लावतात. एका वळणावर मी मान वर केली. माथ्यापर्यंत नुसती माणसंच माणसं. आता मागं फिरता येणार नाही, हे एकदम कळलं आणि श्वास अडकला. कठड्याला टेकून उभा राहिलो.

डोक्यावर तुळस घेतलेली एक मावशी थांबली. "काय झालं, माउली?"

"घाट सरेल असं वाटत नाही."

"मग वर कशाला बघतोस? माझ्या टाचंकडं बघ अन् चल."

चाललो. चपलेचा तुटका पट्टा सुतळीनं बांधलेला होता. उजव्या टाचेला एक आडवी भेग, तिच्यात मेण भरलेलं. मेणावर धूळ बसून तपकिरी रेघ झाली होती. ती रेघ वर जाई, खाली येई. माथ्यावर पोचेपर्यंत मी दुसरं काही पाहिलंच नाही. पुढं मावशी गर्दीत हरवली. नावही विचारायचं राहिलं.

फोडांचं काय सांगायचं! सुईदोरा आरपार ओवून दोरा आतच ठेवतात, पाणी झिरपून जातं. दोन दिवसांत ते माझं मला जमायला लागलं.

मला जास्त शिकवलं ते समाजआरतीनं. मुक्कामी सगळ्या दिंड्या तळावर जमतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा समाज क्षणात गप्प होतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवत राहते. तिला कुणी दटावत नाही. चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात, मग ते टाळ थांबतात.

मी इतके महिने धडधडीला नुसतं "गप्प बस" म्हणत होतो. त्या रात्री तंबूत ती सुरू झाली तेव्हा विचारलं, काय म्हणणं आहे? म्हणणं साधंच निघालं. घराचा हप्ता, आणि बाबांना अजून न सांगितलेली गोष्ट. सकाळी वाटेतूनच बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मला कधीच कळलं होतं. पाय कसे आहेत?"

वाखरीचा शेवटचा मुक्काम झाला, अडीचशे किलोमीटर झाले. पंढरपुरात दर्शनाची रांग बघून कळसालाच हात जोडले आणि एसटी धरली. अंधार पडल्यावर छाती पुन्हा धडधडायला लागली. बाजूचा माणूस घोरत होता. मी चपला काढल्या, पाय वर घेतले. डाव्या टाचेला नवी भेग पडली होती, तिच्यात वाखरीची माती.