आप्पांचा चार व्हॉल्व्हचा सेट : बँड स्विचच्या तिसऱ्या घराचा उलगडा

मंडळी, आप्पांचा जुना रेडिओ सेट बोलायला लागला! मीडियम वेव्ह स्वच्छ आहे, शॉर्ट वेव्ह अजून घसा खाकरतेय. पण आज लिहायचंय ते बँड स्विचच्या, म्हणजे मीडियम-शॉर्ट वेव्ह बदलायच्या खटक्याच्या, तिसऱ्या घराबद्दल.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या सेटला ना कंपनी, ना मॉडेल नंबर. ऐंशीच्या दशकात घरोघरी ट्रान्झिस्टर आले, व्हॉल्व्हचे (आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओ भंगारात निघू लागले, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगली-मिरजेतून सुटे भाग गोळा करून तो घरीच जोडला. चासी, म्हणजे सगळे भाग बसवायचा सांगाडा, तीसुद्धा पत्रा वाकवून स्वतः केलेली. दिवसा साखर कारखान्यात वायरमनची नोकरी आणि संध्याकाळी हा उद्योग. सर्किट त्यांनी कागदावर कधी काढलं नाही, ते त्यांच्या डोक्यात होतं. आता आप्पा नाहीत, म्हणून एकेक वायर धरत मीच ते उतरवून काढलं.

चार व्हॉल्व्ह असे : ईसीएच ८१ कन्व्हर्टर (तिच्यातच ऑसिलेटर, म्हणजे सेटची स्वतःची फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग), ईबीएफ ८९ आयएफ आणि डिटेक्टरला, ईसीएल ८२ ऑडिओला, ईझेड ८० रेक्टिफायर (एसीचं डीसी करायला). आयएफ, म्हणजे कुठलंही स्टेशन सेटमध्ये ज्या एकाच मधल्या फ्रिक्वेन्सीला आणलं जातं ती, ४५५ किलोहर्ट्झ. इतकी वर्षं बंद असलेला सेट, म्हणून आधी १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू केला. फिल्टरचे कंडेन्सर सुकलेले होते, ते बदलले. ईसीएल ८२ च्या आउटपुट ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या आतल्या जाळीला) जाणारा कागदी कंडेन्सर लीक होता, तिथे पॉलिस्टर घातला. हा एक कंडेन्सर कुठल्याही जुन्या सेटमध्ये डोळे मिटून बदलावा असं माझं मत आहे. त्यातून प्लेटचं व्होल्टेज ग्रिडवर झिरपतं आणि आउटपुट व्हॉल्व्ह हकनाक तापून मरतो. ईसीएच ८१ ची धग गेली होती, म्हणजे ती कमजोर झाली होती, दुसरी बसवली.

बाकी वायरिंगला मी हात लावलेला नाही. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या दोन्ही वायरी घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून नेल्यात. म्हणूनच या सेटला घूं आवाज जवळजवळ नाही. प्रत्येक टोक आधी टॅगमध्ये ओवून दाबलंय आणि मगच सोल्डर दिलाय. "जोड हातानंच घट्ट झाला पाहिजे, सोल्डर नंतर," असं आप्पा मला शाळेत असताना सांगायचे. आणि २५० व्होल्टच्या आसपास काम करताना एक हात पाठीमागे ठेवायला लावायचे. अजूनही सेट उघडला की माझा डावा हात आपोआप मागे जातो.

तर बँड स्विच. त्याला तीन घरं आहेत : मीडियम, शॉर्ट आणि आणखी एक. मी धरून चालले होते की तिसरं ग्रामोफोनचं असणार. पण वायरी ऑडिओकडे जातच नव्हत्या. तिसऱ्या घरात गँग (डायलबरोबर फिरणारा, स्टेशन बदलणारा कंडेन्सर) पूर्ण सुटते आणि तिच्या जागी दोन अभ्रकाचे ट्रिमर (स्क्रूने जुळवायचे छोटे कंडेन्सर) लागतात, एक एरियल कॉइलवर, एक ऑसिलेटरवर. म्हणजे डायल कितीही फिरवा, स्टेशन एकच. कुठलं? हवी ती फ्रिक्वेन्सी देणारा सिग्नल जनरेटर लावला आणि हळूहळू वर नेला. १२५४ किलोहर्ट्झला शिट्टी खणखणीत आली.

सांगली आकाशवाणी १२५१ वर!

मग सगळं लक्षात आलं. आजीला शेवटी मोतीबिंदूमुळे काट्याची जागा दिसायची नाही. आप्पा पहाटेच्या पाळीला गेलेले, आई चुलीपाशी, आम्ही झोपलेले. तरी भक्तिगीतं लागायच्या वेळी आजीचा रेडिओ बरोबर सुरू असायचा. ती म्हणायची, "शेवटपर्यंत फिरवलं की सांगली." आम्हा पोरांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. चार व्हॉल्व्हच्या सेटमध्ये एका माणसासाठी वेगळं स्टेशन बांधून देणं आणि त्याबद्दल कुणाजवळ एक अक्षर न बोलणं, हे फक्त आप्पाच करू जाणोत.

आता तांत्रिक भाग. दोन्ही ट्रिमरच्या स्क्रूवर लाल थेंब आहे, आईच्या नेलपॉलिशचा. हललं जाऊ नये म्हणून आप्पा असंच सील करायचे. तीन किलोहर्ट्झचा फरक बहुधा नव्या ईसीएच ८१ मुळे आणि कंडेन्सरच्या वयामुळे पडला असावा. सील फोडून स्क्रू फिरवला की दोन मिनिटांचं काम. तुमच्यातले बरेच जण तेच करा म्हणतील, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक काहीच नाही. पण तो स्क्रू त्यांनी आजीला शेजारी बसवून फिरवला असणार. तो मी फिरवणार नाही.

ऑसिलेटर स्टेशनपेक्षा आयएफइतका, म्हणजे ४५५ ने वर चालतो; तो १७०९ वर होता, तो १७०६ वर आणायचा होता, म्हणजे अर्ध्या पिकोफॅरडच्याही आत भर पुरेशी होती. इतका लहान कंडेन्सर विकत आणण्यापेक्षा ट्रिमरच्या दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन छोट्या वायरी जोडल्या, त्यांची मोकळी टोकं एकमेकींत पिळली आणि जनरेटर १२५१ वर ठेवून पीळ थोडा थोडा कमी-जास्त केला. शिट्टी बरोबर मधोमध आली. सेट तासभर तापू दिला, तरी जागची हलली नाही. वायरी पिवळ्या घेतल्यात, पुढे कुणी सेट उघडला तर मूळ काम कुठलं आणि नंतरचं कुठलं ते लगेच कळावं.

यापुढे शॉर्ट वेव्हचं अलाइनमेंट (जुळवणी) आणि डायलचा काटा हलवणारी दोरी. दोरी ड्रमवर नेमके किती वेढे घेऊन पुलीवर उतरते, ते जुनी तुटलेली असल्यामुळे कळत नाहीये. घरी जोडलेल्या सेटची डायल ज्यांनी बसवली आहे, त्यांनी आपली दोरी कशी फिरवली ते सांगा. फोटो असेल तर फारच बरं.