आठ नंबरची तार

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या मालकांचा फोन आला, भर पावसात. "लेथ शॉक मारूलालाय ओ. तुम्ही या, पाचवा खड्डा मारून टाकूया." बेळगावकडं अर्थिंग म्हणजे खड्डा. मीठ-कोळसा भरला, वरून पाणी ओतलं, झालं काम.

बाहेर ओल्या मातीत खिळा ठोकून लेथच्या बॉडीशी व्होल्टेज मोजलं, शंभराच्या वर. ड्रिल, ग्राइंडर, पॅनेलचा दरवाजा, सगळीकडं तेवढंच. एकेक फीडर, म्हणजे मशीनला जाणारी लाइन, बंद करत गेलो आणि कॉम्प्रेसरचा बंद केल्यावर शॉक गेला. मोटरचं वाइंडिंग बॉडीला टेकलेलं. मग त्याचा 125 अँपिअरचा एमसीसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा ब्रेकर, पडला का नाही?

"चारी खड्डे चांगले हाईत, मीटर लावून बघितलोय की," मालक म्हणाले. खोटं नव्हतं ते. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला जोडलेल्या दोन खड्ड्यांचा मिळून रेझिस्टन्स साधारण 1 ओहम, मशीनच्या बॉडीला जोडलेल्या दोघांचाही तेवढाच. म्हणजे मातीतून जाणार 240 भागिले 2, फार तर 120 अँपिअर. त्या ब्रेकरला हा रोजचा लोडच. ब्रेकर पाडायचा तर फॉल्टचा करंट धातूतून न्यूट्रलला परत यायला हवा. माती त्या कामाची नाही.

धातूची वाट म्हणून ट्रान्सफॉर्मरपासून पॅनेलपर्यंत पाइपातून आठ नंबरची (म्हणजे आठ गेजची) एकच जीआय, जस्त चढवलेल्या लोखंडाची तार नेलेली. ओढली तर तुकडा हातात आला. टोकाला वितळून झालेला मणी, भोवती जस्ताची पांढरी पूड. फोरमनला खोदून विचारलं तेव्हा कळलं, उन्हाळ्यात मेन पॅनेलमध्ये केबल उडाली होती. एसीबी, म्हणजे मेन ब्रेकर, पडला, केबल बदलली. तारेकडं कोण बघतंय!

तिथंच खर्ड्यावर हिशेब केला. ट्रान्सफॉर्मर 250 केव्हीए, 433 व्होल्ट, फुल लोड 333 अँपिअर. इम्पिडन्स, म्हणजे त्याचा आतला अडथळा, 4.5 टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किटला सुमारे 7,400 अँपिअर. आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकातलं तारेच्या जाडीचं सूत्र सोपं आहे: करंट गुणिले सेकंदांचं वर्गमूळ, भागिले के, हा धातूनुसार ठरणारा आकडा. जीआयला के 80. एक सेकंद धरला तर 92.5 चौरस मिलिमीटर लागतात, आणि आठ नंबरची तार जेमतेम 13. एवढ्या करंटला ती 20 मिलिसेकंद टिकेल, एक सायकल. एसीबीला डिले 200 मिलिसेकंदांचा! तार आधी जाणार हे ठरलेलंच.

25 बाय 6 ची पट्टी सांगितली, म्हणजे 150 चौरस मिलिमीटर, आणि न्यूट्रलला नियमाप्रमाणे दोन वेगवेगळ्या जोडण्या. मालक कुरकुरले, "एवढी जाड? हिच्यातून करंट कधी जातोय?"

"वर्षात एकदा जातो. पण साडेसात हजार जातो."

पट्ट्या बसल्या, मोटर रिवाइंडिंगला गेली, फॉल्टच्या करंटची परतीची वाट मोजणारा लूप टेस्टर लावून प्रत्येक मशीन तपासलं. पाचवा खड्डाही झालाच म्हणा. खणणाऱ्यांनी आधीच उचल घेतलेली.