शेराच्या कुंपणावरची कळलावी

२०१८ साली ज्येष्ठ अधिक आला होता, म्हणून माउलींची पालखी आळंदीहून जुलैत हलली. पाऊस चांगला मुरलेला, बांध हिरवे झालेले. माझी पहिलीच वारी. दिवेघाट, सासवड, जेजुरी मागे पडेपर्यंत लक्ष सगळं पायांकडेच होतं. वाल्ह्याहून पहाटे निघालो त्या दिवशी पाय कुरकुरायचे थांबले, आणि डोळे मोकळे झाले.

नीरेच्या अलीकडे एका शेताला शेराचं कुंपण होतं. त्या बिनपानांच्या हिरव्या काड्यांतून एक वेल वर आली होती. तिची फुलं पाहून टाळ हातातच थांबले. सहा पाकळ्या, सगळ्या मागे वळून वर उभ्या राहिलेल्या, कडा चुणीदार, बुडाशी पिवळ्या आणि टोकांना लालभडक. पेटत्या पणतीची ज्योत वाऱ्याने हलावी तशा. सहा पुंकेसर बाहेर फाकलेले. एक फूल हिरवट पिवळं, दुसरं केशरी, तिसरं पूर्ण लाल. आधी वाटलं, दोन-तीन वेली एकात एक गुंतल्यात. मग देठ शोधत गेले तेव्हा कळलं, वेल एकच. फूल जसं जुनं होतं तसं रंगत जातं.

मी रांगेतून दोन पावलं बाहेर आले. दोडक्याला, काकडीला वेगळे तणावे असतात. इथे तसं काही दिसेना. पानाचंच टोक बारीक होत होत गुंडाळलं होतं आणि त्यानेच शेराची काडी पकडली होती. ते टोक मी बोटाने उलगडून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात नगं लावूस, माउली. कळलावी हाय ती."

पाटणकडच्या आजी. आमच्याच दिंडीतल्या, खांद्याला पडशी, कपाळाला बुक्का. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा शब्द मी जन्मभर ऐकलाय. आम्हा बहिणींत भांडण पेटवून मी बाजूला झाले की आई मला 'कळलावी' म्हणायची. ही शिवी एका फुलवेलीचं नाव आहे, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

"घराजवळ लावत न्हाईत," आजी चालता चालता सांगत होत्या. "भांडणं हुत्यात म्हणं. पर नाव त्यावरनं न्हाई पडलं. कळ म्हंजी बाळंतपणाची कळ."

त्यांच्या सासूबाई सुईणपण करायच्या. बाई अडली की कळलावीचा गड्डा कमरेला बांधायचा, आणि मूल बाहेर आलं की त्याच क्षणी सोडायचा, इतका त्याचा धाक. "तवा दवाखाना कुठं हुता जवळ?"

तो गड्डा नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात ही लांगली. फुलावरून अग्निशिखा. काही ठिकाणी बचनागही म्हणतात, पण हिमालयातला खरा बचनाग निराळा. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. हे मी घरी परतल्यावर शोधलं. आजींचा धाक खराच होता: वेलीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं विष असतं, गड्ड्यात आणि बियांत भरपूर. गड्डा रताळं समजून खाल्लेली माणसं दगावली आहेत. तेच कोल्चिसिन मोजक्या मात्रेत गाउट या सांधेदुखीवर देतात, आणि त्यासाठी तमिळनाडूत शेतकरी बियांकरता कळलावीची लागवड करतात. तिथलं ते राज्यफूलही आहे. अडलेल्या बाईच्या कमरेला बांधायची वस्तू ती नव्हेच, पण ज्यांच्या हाताशी दुसरं काहीच नव्हतं त्या सुईणींना मी नावं ठेवणार नाही.

नीरेला पोचलो तेव्हा दत्त घाटावर माउलींच्या पादुकांच्या स्नानासाठी गर्दी उसळली होती. मी पुढे घुसायला बघत होते. आजींनी माझं मनगट धरलं, खाली पाण्याशी नेलं आणि पडशीतून साबणाची चिपटी काढली.

"आधी हात धू. मग भाकरी खायाचीय."

दोन्ही हात त्यांनी स्वतः चोळून धुतले, नखांच्या खालीसुद्धा.