पीएचबीच्या पातळ थरात वलयं उमटवताना: माझा अनुभव

ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिमरच्या स्फटिकांत एकात एक अशी वलयं दिसतात. ती उमटवायला मी पीएचबी घेतो, म्हणजे जिवाणूंनी बनवलेलं पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट हे पॉलिमर. शुद्ध पीएचबीत केंद्रकं (स्फटिक जिथून वाढायला लागतात ते बिंदू) कमी पडतात, त्यामुळे स्फेरुलाइट, म्हणजे केंद्रापासून चहूकडे वाढलेले गोल स्फटिकसमूह, ऐसपैस वाढतात, कधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. गर्दीत वाढलेल्या बारीक स्फेरुलाइटांत वलयं मोजताच येत नाहीत.

द्रावण क्लोरोफॉर्ममध्ये, दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. घट्ट झाकणाच्या काचेच्या कुपीत, फ्यूम हूडमध्ये, ५०-५५ अंश सेल्सिअसला ढवळायचं. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं, म्हणून त्यापुढे जायचं नाही. मग ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळायचं, कारण धुळीचा कण म्हणजे फुकटचं केंद्रक. २२ मिलिमीटर चौरस कव्हरस्लिपवर १०० मायक्रोलिटर टाकलं की २ मिलिग्रॅम पदार्थ बसतो आणि थर साधारण साडेतीन मायक्रॉनचा होतो. स्लिप अगदी समपातळीत हवी, नाहीतर द्रावण एका कडेला जमतं. वर पेट्री डिश पालथी घालायची, तीही काचेचीच. प्लास्टिकची असेल तर क्लोरोफॉर्मच्या वाफेनं बिघडते. झाकण विसरलात आणि बाहेर पावसाळा असेल तर थर दुधाळ येतो: क्लोरोफॉर्म झपाट्यानं उडताना थर गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर थेंबाथेंबानं बसतं आणि मागे भोकं राहतात. रात्रभर सुकलं की ४० अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये एक दिवस.

दोन हॉट प्लेट लागतात: एक थर वितळवायला, दुसरी स्फटिक वाढवायला. त्यांच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. काचेचा पृष्ठभाग त्याहून काही अंश थंड असतो. बेंझॉइक आम्लाचे दोन-चार कण दोन कव्हरस्लिपांमध्ये ठेवून ते कधी वितळतात ते बघा. ते १२२ अंशांना वितळतं, त्यावरून फरक कळतो.

पहिली प्लेट १९० अंशांवर, थर तिथे फक्त एक-दोन मिनिटं. खरी चूक इथेच होते. वेळ कमी पडला तर जुन्या स्फटिकांचे अवशेष शिल्लक राहतात आणि सगळीकडे बारीक गर्दी उगवते. जास्त झाला तर पीएचबीच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. पीएचबी वितळण्याच्या जरा वरच विघटित व्हायला लागतं. रेणुभार घसरला की वाढीचा वेग आणि वलयांमधलं अंतर दोन्ही बदलतात, मग कालचा नमुना आजच्याशी जुळत नाही. लगेच चिमट्यानं दुसऱ्या प्लेटवर. ६०-७० अंशांना वलयं दाट येतात, तापमान वाढवत नेलं तसं अंतर वाढतं. मापायला सोपं म्हणून मी ९० ते ११० अंशांत काम करतो.

वलयं दिसली की फोटो काढून मोकळं होऊ नये, कारण ती दोन वेगळ्या कारणांनी येतात. एकात लॅमेला, म्हणजे पापुद्र्यासारखा पातळ स्फटिक, त्रिज्येच्या दिशेनं वाढता वाढता स्वतःभोवती पिळत जातो. त्याचा प्रकाशीय अक्ष (ज्या दिशेनं जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण बदलत नाही ती दिशा) आपल्याकडे वळला की तिथे काळं वलय दिसतं, म्हणजे एका काळ्या वलयापासून पुढच्यापर्यंत साधारण अर्धा पीळ. हा पीळ का पडतो, यावर पॉलिमर संशोधक कीथ आणि पॅडन यांनी १९८४ मध्ये मांडलेलं कारण अजून चर्चेत असतं: लॅमेलाच्या दोन बाजूंना रेणुसाखळ्यांच्या पडणाऱ्या घड्या सारख्या नसतात, ताण असमान होतो. दुसऱ्या प्रकारात पीळ नसतोही. वाढती कड पुढचा वितळलेला पदार्थ ओढून घेते, तिथे पदार्थ कमी पडतो, वाढ अडखळते आणि पुन्हा सुरू होते. उंचवटे आणि दऱ्यांची वलयं उरतात. थर जितका पातळ, तितका याचा संशय जास्त.

म्हणून आधी अ‍ॅनालायझर आणि पोलरायझर, म्हणजे सूक्ष्मदर्शकातले ध्रुवणाचे दोन फिल्टर, दोन्ही काढून बघायचं. साध्या प्रकाशात वलयं पुसली गेली तर पिळाची शक्यता जास्त. तशीच राहिली तर उंचसखलपणा आहे, आणि किती आहे ते एएफएम (पृष्ठभागाची उंची टोकदार सुईनं मोजणारा सूक्ष्मदर्शक) सांगेल. मात्र पिळलेल्या लॅमेलांमुळेही पृष्ठभाग थोडा वरखाली होतो, त्यामुळे ही चाचणी एकटी पुरत नाही. मी सोबत दर ३० सेकंदांनी स्फेरुलाइटची त्रिज्याही मोजतो. वेळेनुसार त्रिज्येचा आलेख वाकत गेला, तर पदार्थाचा पुरवठा कमी पडतोय असं धरतो.

फोटो मात्र प्लेटवर गरम असतानाच घ्यावेत. खोलीच्या तापमानाला येताना पीएचबी काचेपेक्षा जास्त आकसतं आणि थराला तडे जातात, काही वलयांच्याच रेषेत. कव्हरस्लिप वरून दाबलेली असेल तर तडे आणखी वाढतात.