लेख झाला, आता चित्रं आणा

डच चित्रकार रेम्ब्रांटनं मुघल लघुचित्रांवरून केलेल्या रेखाटनांवर मी एका इंग्रजी संशोधनग्रंथासाठी प्रकरण लिहिलं. ते संपादकांना पसंत पडलं आणि मग खरं काम सुरू झालं. चित्रं मिळवणं, छापण्याची परवानगी आणणं आणि त्याचे पैसे भरणं, हे तिन्ही लेखकाकडे, असं करारातच होतं. युरोपीय कलेतिहासाच्या अभ्यासग्रंथांत हा रिवाजच आहे. विद्यापीठात नोकरी असेल तर अनुदान मिळू शकतं. माझ्यासारख्याला स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो.

विषय मात्र असा की सोडवत नाही. १६५६ मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं. तेव्हा केलेल्या त्याच्या घरच्या वस्तूंच्या यादीत ‘कुतूहलजनक’ लघुचित्रांच्या एका संग्रहाची नोंद आहे. त्याच सुमारास, म्हणजे १६५६ ते १६६१ च्या दरम्यान, त्यानं जहांगीर, शाहजहान, दारा शुकोह यांना तपकिरी शाईनं जपानी कागदावर उतरवलं. यातली वीसहून अधिक रेखाटनं आज शिल्लक आहेत, पण विखुरलेली: अ‍ॅमस्टरडॅम, लंडन, पॅरिस, लॉस एंजेलिस, क्लीव्हलंड. आणि तशी मूळ लघुचित्रं पाहायची तर व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात, भिंतीत जडवलेली. जितके मालक तितके नियम.

अ‍ॅमस्टरडॅमचं रायक्सम्युझियम, लॉस एंजेलिसचं गेटी आणि क्लीव्हलंडचं संग्रहालय यांनी आपल्याकडच्या जुन्या कलाकृतींच्या मोठ्या फायली सगळ्यांना खुल्या केल्या आहेत. ना अर्ज, ना शुल्क. उतरवून घ्यायच्या, खाली संग्रहाचं नाव छापायचं. ते काम एका संध्याकाळी उरकलं.

अडलं ते माझ्या युक्तिवादाचा कणा असलेल्या चित्रावर. झाडाखाली बसलेल्या चार मौलवींचं रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याचीच मांडणी रेम्ब्रांटनं १६५६ च्या एचिंगमध्ये, म्हणजे आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात, बायबलमधल्या अब्राहम आणि देवदूतांसाठी वापरली. एचिंगचे ठसे अनेक असतात. एका संग्रहालयानं पैसे मागितले तर दुसऱ्याकडचा ठसा घेता येतो. रेखाटन एकच. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरची चित्रं अव्यावसायिक वापराला मोफत आहेत, पण विक्रीला येणारा ग्रंथ, त्याच्या मोजक्याच प्रती निघणार असल्या तरी, व्यावसायिक ठरू शकतो. म्हणून रीतसर अर्ज.

असे अर्ज सगळीकडे साधारण सारखेच. प्रती किती? चित्र पाव पान की पूर्ण पान? मुखपृष्ठावर आहे का? ई-बुक निघणार का, किती वर्षांसाठी, कोणत्या भाषेत? मी प्रत्येक अर्जात इंग्रजीबरोबर मराठीही लिहून टाकलं. एका ठिकाणाहून विचारणा आली, मराठी आवृत्ती कधी? मी कळवलं, निघाली तर. त्यांनी शुल्क वाढवलं नाही.

एका युरोपीय संग्रहानं मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चित्राच्या साध्या छायाचित्रावर स्वामित्वहक्क सांगितला. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, ज्या दृश्यकलाकृतीचा हक्क संपला आहे तिच्या निव्वळ नकलेला नवा हक्क मिळत नाही. ते मी नम्रपणे लिहिलं. उत्तर आलं: हक्काचं राहू द्या, फाइल पुरवण्याचं शुल्क भरा. इथे कायदा हात टेकतो, कारण मोठी फाइल त्यांच्याकडेच असते. मी ते चित्र काढून क्लीव्हलंडचा शाहजहान घेतला आणि त्याच्याभोवतीचा परिच्छेद नव्यानं लिहिला. तेव्हापासून असे ग्रंथ चाळताना एखादं चित्र तिथं का आहे, हे मी आधी चित्रसूचीत, म्हणजे कोणतं चित्र कुठून आलं याच्या यादीत, पाहतो. इटलीत तर २००४ च्या वारसा कायद्यामुळे सरकारी संग्रहातली पाचशे वर्षं जुनी चित्रं व्यावसायिकरीत्या छापायलाही परवानगी आणि शुल्क लागू शकतं.

शेवटी मुद्रितं आली. तपकिरी शाई चक्क लालसर दिसत होती. ती दुरुस्त करून घेतली. ग्रंथ निघाल्यावर काही संग्रहालयांना एकेक प्रत पाठवायची अट होती. कुरिअरचा खर्चही अर्थात लेखकाकडेच.