दुसरीचं तिसरं

शनिवारी दुपारी बाबांच्या रेकॉर्डी लॅपटॉपमध्ये उतरवत बसले होते. बसले म्हणजे खरोखरच बसले, कारण या कामात घाई चालत नाही. एका बाजूला वीस मिनिटं म्हणजे वीसच मिनिटं. मिनिटाला ३३⅓ फेरे या गतीने साडेसहाशेच्या वर प्रदक्षिणा होतात, तेव्हा कुठे सुई मधल्या लेबलापाशी पोचते. वडाला सुद्धा आपण सातावर सोडतो.

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला जातेय. मधली दोन-तीन वर्षं घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात. तिथे रेकॉर्डींची ट्रंक न्यायला जागा नाही, असं आईने जाहीर केलंय. (ज्यांचा मिक्सर कधीच भंगारात गेला, त्या तीन भांड्यांना मात्र जागा आहे.) ट्रंक पुण्याला भावाकडे जाणार आणि गाणी आमच्या फोनात येणार, अशी वाटणी ठरली.

रेकॉर्ड वाजून संपली की पडद्यावर एक लांबलचक निळी पट्टी उरते. तिचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं. चौकट असते तिथे : टायटल. पहिल्या दोन रेकॉर्डी सुरळीत गेल्या आणि अभंगांच्या एलपीवर घोडं अडलं.

आपल्याकडे गाण्याला नाव कुठे असतं? पहिली ओळ असते. ती किती घ्यायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तीन शब्दांत थांबलं तर अर्धवट वाटतं, पुरी घ्यावी तर फोनच्या पडद्यावर मावत नाही. त्यातून या लेबलावर सगळं रोमन लिपीत छापलेलं. त्यातला 'एन' हा न आहे की ण, 'एल' हा ल आहे की ळ, हे गाणं ऐकून ठरवायचं. मी ठरवते. कोणी तपासणार नाही हे माहीत असूनही ऱ्हस्व-दीर्घासाठी उठून शब्दकोश काढते. घरच्यांनी यावर बोलणं सोडून दिलंय.

एमपीथ्रीच्या जुन्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीत, टायटलला फक्त तीस बाइटची जागा होती. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे आपल्या वाट्याला दहा. 'ज्ञानेश्वर' एवढं लिहिलं की बरोबर दहा होतात. माउलींना काय म्हणायचं होतं त्याला जागा नाही. आता ते बंधन राहिलेलं नाही, पण त्याच टॅगमध्ये गाण्याचा प्रकारही शब्दात नसे, आकड्यात असे. शून्य म्हणजे ब्लूज. ती जागा तशीच शून्य राहिली की काहीही ब्लूज व्हायचं. भावाच्या जुन्या गाडीत पहाटे काकडआरती लागली की प्लेअरवर 'ब्लूज' असं झळकायचं. यादीत पोल्का होतं, डेथ मेटल होतं, नाट्यसंगीत नव्हतं.

त्याखाली आर्टिस्टची चौकट. ती एकच. मुंबई 'ब' ऐकत वाढलेल्या माणसाला हे कसं पटावं? तिथे गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकार सांगितल्याशिवाय निवेदिका पुढे सरकत नसे. इथे गाणाऱ्याचं नाव घातलं की बाकीचे दोघे बेघर. तुकोबांनी मात्र आपली सोय आधीच करून ठेवलीय. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे', झालं. नामदेव काय, जनाबाई काय, सगळ्यांनी नाव अभंगाच्या आतच विणलेलं. फाइलचं काहीही नाव ठेवा, धनी कोण ते शेवटी कळतंच.

रेकॉर्डींच्या सुरुवातीच्या काळातही असंच होतं म्हणे. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान गायली आणि गाणं संपवताना इंग्रजीतून म्हणाली, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या घडायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळावं म्हणून ही युक्ती. त्या ठसक्यापुढे आमची टायटलची चौकट म्हणजे शाळेच्या वहीवरचं लेबल.

आमच्या घरात तर एकेका गाण्याला दोन-दोन नावं. बाबा जागेवरून ओळखतात : 'पहिलीचं दुसरं', 'दुसरीचं शेवटचं'. म्हणजे आधी बाजू, मग क्रमांक. आई प्रसंगावरून ओळखते. 'लाइट गेली होती तेव्हाचं.' कुठली लाइट, किती साली, विचारायचं नाही. आणि जे गाणं बाबांचं 'दुसरीचं तिसरं', ते आईचं 'मावळ्याचं'.

तो मावळा माझा. दिवाळीची सुट्टी होती, किल्ला मोडून झाला होता आणि मातीची चित्रं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायला मला बसवलं होतं. मी दुसरीत असेन. प्लेअर चालू, बाबा दाढी करायला आत गेलेले. रेकॉर्ड गरगर फिरतेय आणि हातात तारेचा भाला घेतलेला मावळा आहे, म्हटल्यावर त्याला एक चक्कर द्यावीशी वाटणारच. अलगद ठेवला. अर्धा फेरा तो ऐटीत गेला, मग सुईच्या दांडीला धडकून आडवा झाला आणि भाल्याचं टोक काळ्या तबकडीवरून सर्रकन गेलं. बाबा अर्ध्या फेसासकट बाहेर आले. ओरडले नाहीत. रेकॉर्ड उचलून खिडकीपाशी नेली, उजेडाकडे तिरकी धरली आणि म्हणाले, "दुसरीचं तिसरं गेलं."

रेकॉर्ड अशी तिरकी धरून ते अजूनही वाचतात. हळू आलाप असतो तिथे रेघा गर्द काळ्या दिसतात, ठेका भरात आला की करड्या. हल्ली ऐकू फार कमी येतं आणि कानाचं मशीन बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशात असतं. पण खिडकीपाशी उभं राहून कुठलं गाणं कुठे संपतं ते बिनचूक दाखवतात. माझे तुकडे पाडायचे निम्मे कष्ट त्यांनीच वाचवले.

तर दुसरीचं तिसरं. पट्टीवर दर १.८ सेकंदांनी एक टोक ताठ उभं दिसत होतं. ओरखडा एकच, पण प्रत्येक फेऱ्याला सुईखाली येणारच. टक्. टक्. असली टोकं पुसून टाकायची सोय असते. मी पुसली. अभंग स्वच्छ झाला, इतका की मागे टाळ आहेत हे मला पहिल्यांदा कळलं.

बाबा मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. लॅपटॉपचा पडदा धरून त्यांनी तो खिडकीकडे तिरका केला, रेकॉर्ड धरतात तसा. बराच वेळ बघत राहिले.

"हे कुठलं?"

"दुसरीचं तिसरं, बाबा." मोठ्याने सांगावं लागलं.

"छे. हे आपलं नाही."

मी पुसलेलं परत आणलं. टोकं एकेक करून पुन्हा उभी राहिली.

"हं," म्हणाले आणि आत गेले.

नाव काय लिहू, ते विचारायचं राहूनच गेलं.